चार नंबरला फंक्शन आहे

पुण्याच्या डॉक्टरांनी मला 'बायपोलर डिसऑर्डर' असल्याचं सांगितलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "सर, हे केसपेपरवर लिहावंच लागेल का?"

ते हसले नाहीत. "तुम्ही सिस्टर आहात ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग तुम्हाला कशाची भीती वाटतेय ते मला कळतंय," असं म्हणून त्यांनी लिहिलंच. लिहावंच लागतं.

ज्यांच्या घरात हे नाव नव्यानं आलं असेल, त्यांच्यासाठी सांगते. बायपोलर म्हणजे दोन टोकांचा आजार. एका टोकाला 'मेनिया'. त्यात माणूस झोपत नाही, दमत नाही, आपल्याला काहीही जमेल असं त्याला वाटतं. दुसऱ्या टोकाला 'डिप्रेशन'. त्यात वेणी घालायलासुद्धा हात उचलत नाही. मधले दिवस चारचौघांसारखेच असतात, पण ते मधले दिवस कुणी मोजत नाही.

माझा मेनिया सगळ्या निमोण्याने पाहिला. निमोणे माझं माहेर. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढ्या होत्या, वडिलांनी शेती धरली आणि मी घरातली पहिली नर्स. शिरूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात आठ वर्षं काम करत होते. त्या आठवड्यात मी पाच दिवस झोपले नव्हते. इंजेक्शनचं कपाट तीनदा लावून झालं. मग मी माहेरी निरोप धाडला की रविवारी आमच्या हॉस्पिटलात सर्वांची फुकट तपासणी आहे. हॉस्पिटलमध्ये मात्र कुणाला बोलले नाही.

रविवारी दोन टेम्पो भरून माणसं दारात उभी. मी गेटवर खुर्चीवर चढून सांगत होते, "आबा, तुमचा मोतीबिंदू मी आजच काढते!" हसू येतं ना? मलाही आता येतं. पण तिथून भावाने मला जीपमध्ये घालून पुण्याला नेलं, आणि नंतर महिनाभर मला आजारापेक्षा त्या खुर्चीचीच लाज जास्त वाटत होती.

आता केसपेपरची भीती का, ते सांगते. डॉक्टरी भाषेत 'फंक्शनल' असा एक शब्द आहे. म्हणजे अवयवात दोष सापडत नाही, तरी त्रास आहे. शब्द वाईट नाही. पण आम्ही वॉर्डात त्याचं 'फंक्शन' केलं होतं. कुणी मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारी बाई आली की आम्ही एकमेकींना सांगायचो, "दोन नंबरला फंक्शन आहे." नातेवाइकांना वाटायचं बारसं-बिरसं असेल. आम्हाला कळायचं, की तिकडे सावकाश गेलं तरी चालतं.

एकदा अशीच एक बाई पोट धरून सकाळपासून ओरडत होती. मी स्वतः तिला म्हटलं, "मावशी, नाटकं पुरे." दुपारी एक्स-रे काढला तर मूत्रनलिकेत खडा. तिने तक्रार केली नाही. मीही माफी मागितली नाही. तेव्हा मी त्या पांढऱ्या साडीत होते, आणि ती साडी नेसली की स्वतःला फार कळतं असं वाटतं.

मला औषध सुरू झालं ते 'लिथियम'. हा एक क्षार आहे, आपल्या मिठाच्या भाऊबंदांतला. अंगात तो नेमका हवा. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. म्हणून दर काही महिन्यांनी 'लिथियम लेव्हल' नावाची रक्ततपासणी करायची असते.

तीन महिन्यांत मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी गोळ्या सोडल्या. नर्स असून सोडल्या, हे लिहून ठेवते, म्हणजे तुमच्या घरच्या माणसाने सोडल्या तर त्याला अडाणी म्हणू नका. दुसरा झटका पहिल्याहून वाईट आला. त्यातून उठल्यावर मी आमच्या ह्यांना शपथ घातली. "ह्यापुढे मी नको म्हटलं तरी गोळी द्यायची. रडले, भांडले, माहेरी जाते म्हटलं, तरी द्यायची." हे शब्दाचे पक्के. दिवेलागण झाली की एका हातात पाणी, एका हातात गोळी. मी नुसतं तोंड वाकडं केलं तरी म्हणायचे, "तुझाच कायदा हाय, सिंधू."

शिरूरची नोकरी गेली. काढलं नाही कुणी. "थोडे दिवस आराम करा," म्हणाले, आणि ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. पुढे ह्यांना पाटसच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम मिळालं म्हणून आम्ही दौंडला बिऱ्हाड केलं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, ते मला आवडलं. चार वर्षं अगदी सरळ गेली.

मग एका मे महिन्यात मला जुलाब लागले. त्याच सुमारास पाठ धरली होती म्हणून गल्लीतल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत होते. उन्हाळ्यात अन्न जात नव्हतं, पाणीही पोटात ठरत नव्हतं. लिथियम मात्र वेळच्या वेळी चालू. कायदाच होता तसा.

तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. लिथियमने बोटं थोडी कापतातच, पण ही थरथर वेगळी होती. कपातला चहा बशीत न पडता थेट साडीवर पडला. चालायला गेले तर उसाच्या मोळ्यांवरून चालल्यासारखे पाय पडत होते. जीभ जड झाली. मनात कुठेतरी नर्सिंगचं पुस्तक उघडलं आणि मला कळलं, लेव्हल चढली आहे.

ह्यांनी रिक्षाने एका हॉस्पिटलात नेलं. नाव लिहीत नाही, कारण तसं हॉस्पिटल तुमच्याही गावात असेल. डॉक्टर तरुण होते, चांगले वाटले. पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते. मी अडखळत सगळं सांगितलं. जुलाब, पाठीच्या गोळ्या, आणि लिथियम. लिथियम म्हटल्याबरोबर त्यांनी नळ्या कानातून काढल्या आणि खुर्ची ह्यांच्याकडे वळवली.

त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. "किती वर्षं आहे हे?" ह्यांना विचारलं. "झोपतात का नीट? घरात काही वादावादी?" मग म्हणाले, "टेन्शनने होते अशी थरथर. ॲडमिट करू. त्यांच्या गोळ्या मात्र अजिबात चुकवू नका."

मी म्हणत होते, "सर, लेव्हल... लेव्हल बघा." जीभ वळत नव्हती. ते ह्यांना म्हणाले, "बघा, बडबड चालू झाली."

मला चार नंबरची कॉट मिळाली. पडद्यापलीकडे एक सिस्टर दुसरीला म्हणाली, "चार नंबरला फंक्शन आहे, सावकाश घे." इतकी वर्षं मला वाटत होतं की हा शब्द आमच्या शिरूरच्याच वॉर्डातला. तो माझ्या आधी दौंडला येऊन बसला होता.

ह्यांनी मला हळूच विचारलं, "कसलं फंक्शन गं? कुणाचा वाढदिवस हाय का?"

मला इतकं रडू आलं की सांगता सोय नाही. खडा असलेली ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. तिला निदान ओरडता तरी येत होतं.

दुपारी दोनच्या सुमारास सिस्टर गोळी घेऊन आली. मी ओठ घट्ट मिटले. "नको," एवढं म्हणता आलं. तिने पुन्हा पुढे केली, मी तिचा हात ढकलला. पाण्याचा पेला खाली पडला. डॉक्टर आले. "गोळी नाकारतायत म्हणजे झटका सुरू झाला. तुम्ही द्या हो, तुमच्या हातून घेतील," असं ह्यांना सांगून ते दारातच थांबले.

पुढची गोष्ट नीट समजून घ्या. मला माहीत होतं की ती गोळी आता विष आहे. मूत्रपिंडं जातील, मेंदूला इजा होईल, कदाचित जीवही जाईल. आणि हे ओरडून सांगणारी बाई वेडी दिसणार, हेही मला माहीत होतं. मी जितकं नको म्हणणार, तितकं त्यांचं म्हणणं खरं ठरणार. आणि गोळी हातात घेऊन समोर उभा होता माझा सख्खा नवरा, ज्याला मीच शपथ घातली होती.

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. वाकून म्हणाले, "सिंधू, तू बरी असताना सांगितलंस त्ये ऐकू, का आता सांगतीयास त्ये ऐकू?"

तो प्रश्न मी आयुष्यभर विसरणार नाही. इतका प्रामाणिक प्रश्न मला कुठल्या डॉक्टरनेही विचारला नव्हता. मी सगळा जोर जिभेवर आणला. "माझं... ऐकू नका. पुण्याला... फोन."

ह्यांनी गोळी शर्टाच्या खिशात टाकली आणि चपला घालू लागले.

डॉक्टर म्हणाले, "अहो, पेशंटचं काय ऐकताय?"

"तिचं न्हाई ऐकत, साहेब," हे म्हणाले. "तिच्या डॉक्टरला इचारतो आन् येतो. तवर कुणी गोळी दिऊ नगा."

एसटीडी बूथ स्टेशनच्या बाजूला होता. पाऊण तास गेला. दरम्यान सिस्टर एकदा येऊन बोलली, "कशाला त्रास देता हो मालकांना?" मी डोळे मिटून पडून राहिले. ह्यांना फोन लागला नसेल, पुण्याचे डॉक्टर बाहेरगावी असतील, असलं सगळं मनात येऊन गेलं.

हे आले ते बूथच्या पावतीच्या मागे लिहून घेऊन. सातवी शिकलेल्या माणसाने उभ्याउभ्या डॉक्टरांपुढे वाचलं, "लिथियम बंद. आजपासून एक बी गोळी न्हाई. लिथियम लेवल, किडनीचं रक्त. सलाईन ताबडतोब. पुण्याला हलवा." शेवटी म्हणाले, "आन् तुमच्या फोनवर त्ये सोता बोलत्याल, थांबा म्हणले."

फोन आला. डॉक्टर आत जाऊन पाचेक मिनिटं बोलले. बाहेर आले ते सरळ कॉटजवळ. माझे हात पुढे धरायला सांगितले, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ पाहिली. आणि थेट मला विचारलं, "जुलाब कधीपासून होतायत?"

हे मी सकाळीच सांगितलं होतं. तरी पुन्हा सांगितलं, कारण विचारत होते मला.

पुण्यात लेव्हल पाहिजे होती त्याच्या दुप्पट निघाली. याला 'लिथियम टॉक्सिसिटी' म्हणतात, म्हणजे लिथियमची विषबाधा. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियमला मीठ समजून धरून ठेवतं. काही दुखण्याच्या गोळ्याही तेच करतात. डायलिसिसची तयारी ठेवली होती, म्हणजे यंत्राने रक्त गाळायची, पण सलाईनवर भागलं. भिंत न धरता चालायला मला नववा दिवस उजाडला.

दौंडला परतल्यावर मी डिस्चार्ज कार्ड घेऊन त्या तरुण डॉक्टरांकडे गेले. भांडायला नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, थोडी भांडायलाच गेले. त्यांनी कार्ड शेवटपर्यंत वाचलं. "मी हे शिकलोय हो," म्हणाले. "परीक्षेत लिहिलंय." मग कार्ड परत देत, "पण तुम्ही सिस्टर आहात हे आधी सांगायचं ना, ताई."

"पेशंट आहे हे सांगितलं होतं की," मी म्हटलं.

मग कुठल्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत ते मला विचारून त्यांनी डायरीत टिपून घेतलं. ते बदलले का, मला माहीत नाही. त्या दिवशी लिहून घेतलं, एवढं खरं. त्यांच्यावर माझा राग आहे, पण पूर्ण नाही. मी त्या जागी आठ वर्षं उभी होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर औषध लपवू नका. लपवलं तर डॉक्टर नीट वागतील, पण चुकीचं औषध देतील. लिथियम चालू असताना जुलाब-उलट्या लागल्या, हात जास्त कापू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी आपल्या मनाच्या डॉक्टरांना विचारा. त्यांचा नंबर घरातल्या माणसाच्या खिशात हवा, फक्त तुमच्या पर्समध्ये नको. मीठ-पाणी मनाने कमी करू नका. आणि बरोबर असं माणूस न्या जे तुमच्यासाठी चार लोकांत वाईट व्हायला तयार असेल.

सहा आठवड्यांनी गोळी पुन्हा सुरू झाली, कमी मात्रेत. त्या दिवशी सकाळीच हे म्हणाले होते, "तुझा कायदा मी जरा बदलणार हाय." कसा, ते सांगितलं नाही. संध्याकाळी नेहमीसारखे आले, एका हातात पाणी, एका हातात गोळी.

मी म्हटलं, "नको."

हे तिथेच थांबले. हात पुढे केला नाही. "का?" म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या नकोला कुणी का विचारलं नव्हतं.

"अजून जेवले नाही," मी म्हटलं. "उपाशीपोटी मळमळतं."

त्यांनी गोळी फळीवर ठेवली आणि दोन ताटं घेतली. मी जेवले, आणि मग स्वतः उठून गोळी घेतली.