भारतमातेने हलायचे नव्हते

टॅब्लोचे नियम मी फळ्यावर लिहून देत असे. वजन दोन्ही पायांवर. गुडघे किंचित सैल. ताठ केले की मुले चक्कर येऊन पडतात. नजर माणसांवर नाही, माणसांच्या मागे एका जागी. पापणी मिटायची तर सावकाश. आणि शेवटचा, खाली रेघ मारून: पडदा पडेपर्यंत हलायचे नाही.

तासगावच्या बाजूच्या त्या गावात मी बदलून आले आणि नाटकाचा तास माझ्या गळ्यात पडला. सांगलीची बाई, म्हणजे नाटक येतच असणार, असे हेडमास्तरांनी ठरवून टाकले. मला नाटक येत नव्हते, व्यवस्था येत होती. कोण कुठून येणार, कोणाच्या हातात काय, बत्ती कोण धरणार, एवढे ठरले की निम्मे काम झाले, असे माझे मत होते. अजूनही आहे.

सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती आणि गावातली बरीच मुले पलटणीत होती. स्नेहसंमेलनासाठी हेडमास्तरांना भारतमातेचा टॅब्लो हवा होता. एका बाजूला जवान, दुसऱ्या बाजूला शेतकरी, मध्ये स्टुलावर भारतमाता, हातात झेंडा. न हलण्यात आठवीतली एक मुलगी सगळ्यांत पक्की होती. नाकावर माशी बसली तरी ती ढळत नसे. तिला मध्ये घेतले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रस्त्याच्या कामावर मुकादम होते. घरातले सगळे काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, पोरगी देवी हुनार म्हनं?"

"देवी नाही. भारतमाता."

"त्यात फरक काय?"

मी सांगितला. देश, नकाशा, झेंडा. त्यांनी नीट ऐकून घेतले.

"तुमी सांगताय ते पटतंय. पर हितं असं कुनी उभं ऱ्हायलं की बाया वटी भरत्यात, पाया पडत्यात. आमी देव सोडल्यात, बाई. माझ्या पोरीला कुनी देव केलं, तर तिचं नाटक त्याच दिवशी बंद. पुन्यांदा न्हाई."

मुलगी खांबाला टेकून उभी होती. सगळे ऐकत होती. पण त्या संध्याकाळी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर होती, आणि स्टूल तिनेच पुसून ठेवले होते.

मी मुकुट काढला, पुठ्ठ्याची प्रभावळ काढली, कुंकू काढले.

"मग ती भारतमाता आहे हे कळणार कसं?" हेडमास्तर म्हणाले.

"झेंड्यावरून."

"अहो बाई, झेंडा तर ग्रामपंचायतीवरही असतो!"

संमेलनाच्या दिवशी माझीच एक साधी हिरवी साडी तिला नेसवली आणि दिवेलागणीला पडदा उघडला.

पटांगण गप्प झाले. तेवढ्यात पुढच्या जाजमावरून एक म्हातारी उठली. तिचा मुलगा सीमेवर होता आणि लढाई थांबल्यापासून त्याचे पत्र आले नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तिच्या हातात ताट होते. नारळ, खण, हळदकुंकू. म्हणजे ताट घरूनच भरून आणलेले. मी काय काढले आणि काय ठेवले याचा काही संबंधच नव्हता. बाकावर पाय देऊन ती वर चढली. तिच्या मागे आणखी दोघी-तिघी उठल्या.

"पडदा! पडदा सोडा!" मी आतून शाळेच्या शिपायाला म्हटले.

शिपायाने टोपी काढली होती आणि पडद्याचा दोर काखेत धरून हात जोडले होते. "आवं थांबा की बाई. वटी तर भरू द्या."

"आये," म्हातारी स्टुलापाशी म्हणत होती, "माज्या लेकराला धाड गं घरी." तिने बोट कुंकवात बुडवले.

पटांगणाच्या टोकाला मुलीचे वडील गर्दीतून वाट काढत पुढे निघालेले मला दिसले. मी एक पाय रंगमंचावर टाकला. म्हातारीला अडवावे? काय सांगून? ही देवी नाही म्हणून? की ही कोणाची मुलगी आहे म्हणून? म्हातारीला ते माहीत होते का, हेही मला कळेना. माझा दुसरा पाय आतच राहिला.

तेव्हा मुलगी हलली. स्टुलावरून उतरली आणि म्हातारीच्या कुंकवाच्या हातात तिने झेंडा दिला. हातात दिलेली वस्तू माणूस धरतोच, म्हातारीनेही झेंडा धरला. एका हातात ताट, दुसऱ्यात झेंडा, कुंकू लावायला हात उरला नाही. मुलगी तिच्या शेजारी लोकांकडे तोंड करून उभी राहिली. वजन दोन्ही पायांवर, गुडघे सैल. आणि म्हातारीही, का कोण जाणे, तशीच वळून स्तब्ध उभी राहिली.

आता यात भारतमाता कोण, ते मला सांगता आले नसते.

टाळ्या पडल्या. शिपायानेही हात उचलून टाळी वाजवली, आणि काखेतला दोर सुटून पडदा खाली आला.

"बाई, काय शेवट बसवलात!" हेडमास्तर खूश होते.

म्हातारी स्टुलावर बसली होती. "वटी ऱ्हायलीच की गं. आता कुनाची भरू?"

"आज्जी, नारळ घरला न्या," मुलगी म्हणाली. "दादा आला की फोडा."

वडील आत आले. आधी मुलीच्या कपाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हे तुमी शिकवलं?"

"नाही. मी उलटं शिकवलं होतं."

त्यांनी पुन्हा एकदा मुलीकडे पाहिले. मग म्हणाले, "म्होरलं नाटक कवा हाय?"

"ठरलं नाही."

"ठरलं की सांगा. साडी घरची देऊ."

सोमवारी नव्या मुलांसाठी मी पुन्हा फळ्यावर नियम लिहिले आणि शेवटच्या ओळीशी खडू थांबला.

"बाई, एक ऱ्हायला," तीच मुलगी पहिल्या बाकावरून म्हणाली.

मी खडू तिच्यापुढे धरला. "तूच सांग, काय लिहायचं?"

तिने फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मला बी कळंना, बाई."