हिरवी पुट्टी आणि खरी पुट्टी

अप्पांना झटका आला तेव्हा डॉक्टरांनी जीव पूर्ण वाचवला आणि उजवा हात अर्धा. उरलेला अर्धा परत आणायची जबाबदारी विद्यानगरातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीवर आली. तिनं पहिल्याच दिवशी एक डबी उघडून अप्पांच्या पुढ्यात ठेवली. आत हिरवागार, रबरासारखा गोळा. "अज्जा, ओत्तरी," ती म्हणाली, म्हणजे आजोबा, दाबा.

"काय हे?"

"पुट्टी."

झालं. आमचे अप्पा म्हणजे हुबळीच्या बाजारात जन्मभर काचेचं दुकान चालवलेला माणूस. खिडक्यांना पुट्टी लावून लावून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की आधारच्या मशीनला अंगठा सापडला नव्हता. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाले, "ह्यानं कुठली काच बसतीय गं? वास सुद्धा येईना त्याला." जीभ अजून जड होती, पण तक्रार अगदी स्पष्ट आली.

डबी आठ दिवस फ्रिजवर पडून राहिली. मी रोज विनवण्या करायची, ते रोज तोंड फिरवायचे. शर्टाची बटणं आई लावायची आणि ती लावत असताना ते भिंतीकडे बघायचे. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. तो हात आता असाच मांडीवर पडून राहणार, असं मला वाटायला लागलं.

समजावून उपयोग नाही म्हटल्यावर मी त्यांना चिडवायला लागले. पुट्टी हा शब्द मूळचा फ्रेंच, भांड्यावरून आलेला, असं मोबाईलवर वाचून सांगितलं. "मग आपण डब्यातच ठेवत होतो की," अप्पा म्हणाले, जणू फ्रेंचांनी त्यांनाच विचारून नाव ठेवलं होतं. शेजारच्या नव्या बिल्डिंगीत भिंतीला फासतात ती पांढरी पावडरही पुट्टी, गॅरेजात गाडीचे पोचे बुजवतात तीही पुट्टी, असं म्हटल्यावर मात्र ते उठूनच बसले. "ती पावडर थोबाडाला लावा म्हणावं! पुट्टी म्हणजे खडूची भुकटी अन् जवसाचं तेल. तासभर मळायची. जुनी गिऱ्हाइकं लांबी म्हणायची तिला. मळायला मनगट लागतंय..." आणि त्यांची नजर मांडीवरच्या उजव्या हाताकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी भुकटी आणि तेल घेऊन आले. "माझ्या परातीला हात लावलात तर बघा," आई म्हणाली, म्हणून एक जुनं घमेलं शोधलं. अप्पा व्हरांड्यात बसून डाव्या हातानं मळायला लागले. उजव्या हाताचं नाव मी मुद्दाम काढलं नाही. माझ्या स्वभावाला हे भलतंच जड गेलं. तिसऱ्या दिवशी उजवा हात आपणहून घमेल्यात उतरला. घरभर जवसाचा वास भरला. आईनं जवसाची चटणी करणंच सोडून दिलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी हसून म्हणाली, हात चालतोय ना, मग रंग कुठला का असेना.

महिन्याभरानं अप्पांनी जाहीर केलं, "स्वयंपाकघरातली काच मी बसवणार."

त्या खिडकीची खालची काच कित्येक वर्षांपूर्वी फुटली होती. काचवाल्याच्या घरात तिथं पुठ्ठा होता. पण अप्पांना काचेशी घेणंदेणं नव्हतं, हे मला कळत होतं. ते हाताची परीक्षा घेत होते, आणि हात नापास झाला तर पुन्हा घमेल्याला शिवणार नव्हते.

मी काच धरली, त्यांनी पुट्टी भरली. आता कडेनं अंगठा दाबत एका दमात सरळ ओढायचा. ओढला. रेघ हेलकावे खात गेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काढ." या पुट्टीचं एक बरं असतं, ती लगेच कडक होत नाही. मी खरवडली, त्यांनी भरली, पुन्हा तेच. चार दिवस हे चाललं. काच दिवसातून दोनदा निघायची आणि आई वाऱ्यात गॅस सांभाळत आमच्या दोघांच्या नावानं बोटं मोडायची.

चौथ्या दिवशी दोन बाजू झाल्यावर अप्पा थकून स्टुलावर बसले. "हात ऐकत नाही," ते खाली बघत म्हणाले. मग मला म्हणाले, "ती बाजू तू ओढ."

मी ओढली. दोन्ही हात धडधाकट, वय त्यांच्या निम्मं, आणि रेघ अशी आली की बघवेना. अप्पांनी चष्मा चढवला. आधी स्वतःची रेघ पाहिली, मग माझी, मग पुन्हा स्वतःची.

"मला तर झटका आलाय," ते म्हणाले, "तुला काय झालंय?"

आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, तोंडाच्या एकाच बाजूनं, पण खदखदून. आई उलथनं घेऊन बघतच राहिली. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि डोळे पुसायला हात उचलले तर दोन्ही तेलानं माखलेले.

"सर तिकडं," अप्पा स्टुलावरून उठत म्हणाले, आणि माझी रेघ उजव्या हातानं खरवडायला लागले.