देवाप्पाचं नाक

कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, शिवाजीनगर बस स्टँडच्या मागच्या गल्लीत देवाप्पाचं गॅरेज होतं. तरणा असताना तो निपाणीहून आला आणि जुन्या गाड्यांतच रमला. मॉरिस, हेरल्ड, लँडमास्टर असल्या गाड्या लोक घरातल्या म्हाताऱ्या माणसासारख्या जपत आणि बिघडल्या की त्याच्याकडे आणत. गाडीखाली डाग दिसला की देवाप्पा त्यात बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा आणि ब्रेक ऑइल की गिअर ऑइल, ते बोट पुसायच्या आत सांगायचा. गिऱ्हाइकं त्याच्या नाकाचं कौतुक करत. तो वरवर हसण्यावारी नेई, पण मनातून फुलून येई.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत तो तापानं अंथरुणाला खिळला. ताप उतरला, सर्दी गेली, पण गेलेला वास काही परतला नाही. ठकुबाईला, त्याच्या बायकोला, ते कळलं एका सकाळी. ती शेजारी गेली होती. परत आली तर गॅसवरचा भात जळून कोळसा झालेला आणि नवरा शेजारीच पेपर वाचत बसलेला.

"घरभर धूर झालाय. तुमास्नी वास न्हाई आला?"

"डोळा लागला हुता."

तिनं त्याच्या हातातल्या उघड्या पेपराकडं पाहिलं. "डाक्टरला दावून या."

"दावतो. पर कुनाकडं बोलू नगंस," तो म्हणाला. दाखवायला मात्र गेला नाही. डॉक्टरनं 'आता येणार नाही' म्हटलं असतं तर?

गॅरेजात त्यानं रीत मोडली नाही. बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा, मान डोलवायचा आणि मग अंदाजानं सांगायचा. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच शहरातल्या मल्लेश्वरम भागातल्या सुनंदाबाई गाडी घेऊन आल्या. त्या शाळेत शिकवायच्या. वडिलांच्या मागं त्यांची मॉरिस मायनर त्यांनीच सांभाळली होती. डाव्या मागच्या चाकाला आतून ओल दिसत होती आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची. देवाप्पानं चाक काढलं, ड्रम काढला. आत काळा चिकट राडा. ब्रेकची भुकटी इतकी मिसळलेली, की बोटांनाही काही कळेना. दुसरं एक गिऱ्हाईक शेजारी उभं होतं, 'बघा आता' अशा नजरेनं. देवाप्पानं बोट नाकाशी नेलं.

"ब्रेकचा सिलिंडर गळतोय, अक्का."

ड्रायव्हरच्या पायाखालचं जाजम उचलून खालच्या टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी पाहिली असती तरी खरं समजलं असतं. टाकी भरलेली असली, म्हणजे गळतंय ते ब्रेकचं नव्हे. पण ज्याला वास येतो त्याला जाजम कशाला उचलावं लागतं? त्यानं सिलिंडरची रबरं बदलली, ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर पुसून पुन्हा बसवले आणि गाडी दिली.

पुढच्याच आठवड्यात सुनंदाबाई रिक्षानं आल्या. उतारावर ब्रेक दाबताच गाडी वळली आणि एका कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन धडकली होती. शेजारी बसलेल्या आईच्या कपाळाला टाके पडले होते.

"मीच ब्रेक जोरात दाबला असेल, अण्णा," त्या म्हणाल्या. "तरी एकदा येऊन बघता?"

त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि देवाप्पानं तो घेऊ दिला. हत्यारांची पिशवी उचलताना त्याचे कान तापले होते.

त्यांच्या अंगणात त्यानं आल्याआल्या जाजम उचललं. ब्रेक ऑइल काठोकाठ होतं. मग ड्रम उघडला. पुन्हा तोच राडा. त्यानं पाण्याचा पेला मागितला आणि राड्यातला थेंब त्यात सोडला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हा थेंब वरच तरंगला, त्याची तेलकट साय धरली. गिअर ऑइल. मागच्या ऍक्सलमधलं तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं आणि तिथून तेल उतरून लायनर भिजत होते, पहिल्यापासून.

कपाळाला पट्टी बांधलेल्या आजी, सुनंदाबाईंच्या आई, कॉफी घेऊन बाहेर आल्या. "त्या चाकाशी सडक्या अंड्यासारखा वास येतो बघ. मी तर आधीपासून सांगतेय हिला. तुला येत असेलच."

तो गिअर ऑइलचाच वास. "येतोय की, थोडा," देवाप्पा म्हणाला.

म्हणाला आणि त्याची त्यालाच किळस आली. या बाईच्या कपाळावरचे टाके आपल्या नाकापायी, आणि तिच्या हातची कॉफी धरून आपण पुन्हा तेच करतोय. त्यानं कप पायरीवर ठेवला.

"न्हाई येत," तो खाली बघत म्हणाला. "थंडीपासनं मला कसलाच वास येत न्हाई. त्या दिवशी वास आल्यागत केलं. तवाच सील बदललं असतं तर हे झालं नसतं. चूक तुमची न्हवं अक्का, माझी हाय."

सुनंदाबाईंनी आईच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येत नाही एवढं सांगायचं होतंत. गाडी नीट तपासून होईपर्यंत मी थांबले असते." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर देवाप्पाला सोसवलं असतं.

आजी म्हणाल्या, "कॉफी निवतेय." तो ती प्याला, पण मान वर करून नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यानं चाकाचा हब उतरवला. जुन्या सीलचं रबर वाळून कडक झालं होतं, काठाला चीर होती. नवं सील बसवलं, लायनर नवे घातले. सुनंदाबाई अखेरपर्यंत शेजारी उभ्या होत्या. पूर्वी त्या किल्ली देऊन निघून जात.

त्यानंतर कुणाच्याही गाडीखाली ओल दिसली की देवाप्पा बोट पुढं करायचा आणि म्हणायचा, "वास कसा येतोय, तुमीच सांगा. मला येत न्हाई." दर वेळी मान खाली जायची. काहींनी येणं सोडलं. सुनंदाबाईही पुन्हा आल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर एकदा तो सायकलवर सिग्नलला थांबला असताना ती मॉरिस त्याच्या शेजारी येऊन थांबली. सुनंदाबाईंनी ओळख दाखवत मान हलवली. पण तोवर देवाप्पा वाकून डावं मागचं चाक पाहत होता. चाक कोरडं होतं. तो सरळ झाला तेव्हा त्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्याला हात जोडावेसे वाटले, ते जमलं नाही. सिग्नल सुटला आणि गाडी पुढं गेली.