दौंडमधले माझे नवरे

तमाम स्त्री-पुरुष, आजी-माजी सरपंच आणि कामधंदा सोडून वाचायला बसलेल्या सर्व मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की प्रस्तुत लेखिकेस दौंड मुक्कामी, दिवसाढवळ्या, पंखा चालू असलेल्या खोलीत, एकामागून एक चार सुशिक्षित नवऱ्यांनी मारहाण केली. पैकी एकाशीही तिचे लग्न झालेले नव्हते. मारहाण चालू असताना एक उच्चशिक्षित बाई समोर बसून टिपणे काढत होत्या.

हसा. मीही आता हसते. तेव्हा दात हलत होता.

खोली शाळेची होती. खिडकीबाहेर रेल्वेचे रूळ. मालगाडी गेली की फळा थरथरायचा आणि खडूचे तुकडे खाली पडायचे. मध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एक हातांची, ती समुपदेशकाची. दुसरी बिनहातांची, ती क्लायंटची. क्लायंट म्हणजे जिचं वाटोळं झालंय ती. पुण्याहून आलेल्या मॅडम, आम्हाला समुपदेशन शिकवणाऱ्या, पहिल्याच रविवारी वर्गावर नजर फिरवत आल्या आणि त्यांचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"तू. तू क्लायंट हो. नवरा मारतो, घरातून काढलंय. अगदी सहज कर. तुला काही सांगायला नको."

"मला का सांगायला नको?"

"अगं, तुमच्यात असतंच ना हे."

तुमच्यात. म्हणजे कुणात ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. हजेरी घेताना त्यांनी माझं गाव विचारलं होतं, निमोणे. वडील काय करतात विचारलं होतं. आधी मेंढरं होती, आता थोडी शेती, असं मी सांगितलं होतं. तेवढ्यावर माझा नवरा मारकुटा ठरला.

आता माझ्या खऱ्या नवऱ्याची हकीकत ऐका. रांजणगावला कारखान्यात फिटर. आमचं भांडण झालं की तो बिचारा चपला घालून देवळाकडे जाऊन बसायचा. म्हणून मी भांडणाआधी चपला लपवून ठेवायची. असा छळ होता आमच्या घरात, आणि तो मी करत होते.

पण बसले मी त्या बिनहातांच्या खुर्चीत. डोक्यावर पदर घेतला. रडले. वर्ग खूश. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती नैसर्गिक!"

बसले, कारण मला ती पदविका हवी होती. समुपदेशक व्हायला तेव्हा रस्ते तरी किती होते? एक, पुण्याला राहून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. राहायचं कुठं, आणि लहान पोरीला ठेवायचं कुणाकडं? दुसरा, मानसशास्त्रात एम.ए. माझं बी.ए. शिरूरला झालेलं, तेही मराठीत. मला कोण दारात उभं करणार? तिसरा हा. पुण्याच्या एका संस्थेचा पदविका वर्ग, दर रविवारी दौंडला, कुठल्याही पदवीवर प्रवेश. लेखी पेपर द्यायचे. आणि त्याशिवाय, समुपदेशकाच्या खुर्चीत बसून मॅडमसमोर सरावाच्या बैठका पुऱ्या करायच्या. बैठका नाहीत, तर पदविका नाही. पेपरात पहिली आलात तरी नाही.

शिरूरला एक कुटुंब सल्ला केंद्र नुकतंच निघालं होतं. मी तिथं मदतनीस. मार खाऊन आलेल्या बाईला पाणी द्यायचं, धरून आत न्यायचं, आणि दार बाहेरून ओढून घ्यायचं. आत काय व्हायचं ते मला कळायचं नाही. बाई बाहेर आली की नुसतं तिचं तोंड दिसायचं, आत जाताना होतं तसंच. मला दाराच्या आत बसायचं होतं. एवढंच.

त्या केंद्रात समुपदेशकाची कायमची जागा एकच होती. आणि केंद्र ज्या संस्थेचं, ती आमच्याच वर्गातल्या बापूंच्या चुलत्याची. बापू तळेगाव ढमढेऱ्याकडचे. ऊस, सोसायटी, पांढरी बुलेट. मॅडम वर्गातल्या वयस्कर गुरुजींना 'तुम्ही' म्हणायच्या, बापूंना 'बापूसाहेब, आपण', आणि मला 'तू'. बापू मला जाता-येता म्हणायचे, "तू कशाला एवढ्या लांबनं येती? जीपनं न्हावरा, न्हावऱ्यावरनं एसटी, जीव काढती. तू पाणी देत जा, मी ऐकत जाईन. आपलं केंद्र झ्याक चालंल."

रविवारमागून रविवार गेले. सगळे आळीपाळीनं हातांच्या खुर्चीत बसले. माझी पाळी आली की मॅडम म्हणायच्या, "तुझा आवाज अजून तयार नाही. समुपदेशकाचा आवाज मऊ हवा. तू बोलतेस ते मेंढरं हाकल्यासारखं. तू क्लायंटच छान करतेस." वर्ग हसायचा. मीसुद्धा हसायची. ते हसणं आठवलं की अजून अंगाला आग लागते. त्यांच्यापेक्षा माझ्या हसण्याची जास्त.

आणि मग मॅडमना नाटकात रंग भरावासा वाटला. नुसतं रडणं नको, प्रत्यक्ष मारहाणीचा प्रसंग करा. नियम एक, मॅडम टाळी वाजवत नाहीत तोवर कुणी भूमिका सोडायची नाही.

पहिला नवरा औषधाच्या दुकानातला पोरगा. त्यानं डोळे मिटून मला ढकललं आणि स्वतःच पडला. दुसरा बँकेतला. तो भिंतीकडं तोंड करून ओरडला. तिसरे आमचे गुरुजी, प्राथमिक शाळेतले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, हळूच माझ्या खांद्यावर टेकवली आणि म्हणाले, "लागलं तर सांगा हं, ताई." मॅडम चिडल्या. "यात हिंसा कुठंय? बापूसाहेब, आपण दाखवा बरं."

बापू उठले. बाह्या दुमडल्या.

केस धरण्याचीही एक पद्धत असते, मंडळी. नवखा माणूस मूठ भरून धरतो, केस सटकतात. बापूंनी तसं केलं नाही. माझी वेणी मनगटाभोवती एक वेढा देऊन घेतली आणि खाली ओढली. मान मागं गेली. तोंड आपोआप वर, बरोबर हाताच्या टप्प्यात. मग उजवा हात. अंगठ्या घातलेला. कानाखाली.

डोळ्यापुढं पांढरं झालं. तोंडात रक्त आलं, खारट. जिभेनं दात चाचपला. हलला.

ह्या हाताला शिकवावं लागलं नव्हतं. हा हात कुठं तरी रोज जात होता.

"सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "आता खरी भीती आलीय चेहऱ्यावर. थांबू नका." आणि वहीत लिहू लागल्या. टाळी नाही.

दुसरी बसली. त्याच जागी.

आणि माझे हात जोडले गेले. मी जोडले नाहीत. ते आपले आपण वर आले आणि छातीपुढं चिकटून बसले.

हे हात मी पाहिले होते. मी लहान होते, आमची मेंढरं घोडनदीच्या कडंनं चालली होती. एक मेंढी बांध ओलांडून उसात शिरली. चार पानं खाल्ली असतील. मालक काठी घेऊन आला आणि माझ्या बापाला मारू लागला. पाठीवर, दंडावर, खाली पडल्यावर कमरेत. आणि माझा बाप, मेंढरांवर लांडगा आला तर नुसत्या घोंगडीनिशी पळत सुटणारा माझा बाप, हात जोडून म्हणत होता, "चुकलं मालक. चुकलं." काठी पडत होती आणि हात जोडलेलेच. मेंढी रवंथ करत बघत होती.

तेच हात. माझ्या मनगटांना लावलेले.

मी ते सोडले.

लोकर कातरायची तर मेंढा आधी पाडावा लागतो. शिंगाला हात घालायचा नाही, तिथं त्याची ताकद असते. मागचा पाय धरून आत ओढायचा आणि त्याच वेळी खांद्यानं कुशीत रेटायचं. आमच्या घरातली दहा वर्षांची पोरगीही पाडते. बापू मेंढ्याहून जड होते, पण मेंढ्याइतके चपळ नव्हते.

जोडलेले हात बघून बापूंनी वेणी सैल सोडली होती. मी खाली वाकले. बापूंना वाटलं, पाया पडते. पोटरीला हात घातला, ओढली, खांदा पोटात मारला. बापू बिनहातांच्या खुर्चीवर आडवे आले. खुर्चीचा पाय कटकन मोडला. नाक फरशीवर आपटलं, आवाज झाला. मी गुडघा त्यांच्या पाठीत रोवला, त्यांचा उजवा हात मागं पिरगाळला, आणि अंगठ्यांचा हात एवढा हलका असतो ह्याचं मला नवल वाटलं. पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके. मग ठिपके एकमेकांत मिसळले. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. कैक रविवारांत पहिल्यांदा.

"मॅडम, टाळी!" बापू फरशीत तोंड खुपसून ओरडत होते. "मॅडम, टाळी वाजवा!"

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं होतं. कोपऱ्यातून गुरुजी अर्धवट उठले, सुरळी पुढं केली आणि फार गंभीरपणे म्हणाले, "ताई, पेपर देऊ का?"

मॅडमनी टाळी वाजवली. दोनदा, तीनदा. मी उठले. वेणी सुटली होती, ती नीट बांधली. घाई केली नाही.

"हे काय रानटीपण!" मॅडम ओरडल्या. "माफी माग बापूसाहेबांची. तू कधीच समुपदेशक होऊ शकत नाहीस. तुझ्यात राग आहे."

"हाय की. भरपूर हाय," मी म्हणाले. माझा मेंढरं हाकणारा आवाज पार रुळांपलीकडं गेला असेल. "पण मी तो कुणाच्या केसात गुंडाळत न्हाई. त्यांनी मला दोनदा मारलं तवा तुमची टाळी कुठं हुती?"

"ते भूमिकेत होते!"

मी वळले. फरशीवर पडलेली खुर्ची ओलांडून हातांच्या खुर्चीकडं गेले आणि बसले. पहिल्यांदा. पाठ टेकून. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून. ओठावरचं रक्त पदरानं पुसलं आणि बोलले. जे बोलले ते पुढं तसंच केलं, आणि अजून करते आहे.

"ह्या खुर्चीतनं मी उठनार न्हाई. आज न्हाई, पुढल्या रविवारी न्हाई. माझ्या बैठका इथंच हुतील आन् तुम्ही त्या धराल, मॅडम, न्हाईतर तुमच्या संस्थेच्या दारात बसून घीन. आन् शिरूरच्या केंद्रात ह्या मानसाम्होरं मार खाल्लेली एक बी बाई मी एकटी बसू देनार न्हाई. दार बाहेरनं वढायचं काम आजपासनं बंद. दार उघडं राहील आन् दारात मी असंन."

बापू उठून बसले होते. नाकाला रुमाल लावलेला, डोळ्यात पाणी. रागाचं नव्हतं ते. अन्याय झालेल्या माणसाचं होतं. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. ते मॅडमकडं बघत होते, तक्रार घेऊन आलेल्या पोरासारखे, आणि रुमालातूनच, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलून गेले:

"आमची बायको तर गप बसती, मॅडम!"