सुलू आत्यानं जा म्हटलं

फुआतिनोला चीनमधून नोकरी आली, याचं आमच्या बेटावरच्या गावाला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडून माणसं जातातच. निम्मं गाव ऑकलंडला आहे, उरलेलं जायच्या बेतात आहे, आणि ज्यांचं काहीच ठरत नाही ते धक्क्यावर बसून कोण बोटीत चढलं ते बघतात. सगळ्यांना नवल वाटलं ते नोकरीच्या गावाचं. शांगराव. बीजिंग नाही, शांघाय नाही, शांगराव. पाद्रीबाबांनी शाळेतला पृथ्वीगोल मागवून घेतला, चष्मा पुसून पुसून शोधलं आणि शेवटी म्हणाले की छापायचं राहिलं असेल.

फुआतिनो म्हणजे आमच्या हायस्कूलची गणिताची बाई. चाळिशी उलटलेली, लग्नाचं राहूनच गेलेलं, आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा ताठ बसतो. दोन वर्षांपूर्वी राजधानीत, आपियाला, चिनी शिकवायला लिऊ नावाच्या बाई आल्या होत्या. त्या एकदा बोटीनं आमच्या बेटावर आल्या, फुआतिनोच्या वर्गात मागे बसल्या आणि तास संपल्यावर म्हणाल्या, आमच्या गावात इंग्रजीतून गणित शिकवणारी मोठी शाळा आहे, तुम्ही तिथं पाहिजे होतात. फुआतिनोनं हसण्यावारी नेलं. लिऊबाईंनी नेलं नाही. त्यांनी तिकडे जाऊन तिचं नाव सांगितलं, शाळेनं फोनच्या पडद्यावरून तिला एक तास घ्यायला लावला, आणि मग कळवलं की या, सप्टेंबरपासून वर्षभर वर्ग तुमचा.

दुसरी एखादी असती तर त्याच दिवशी बॅग भरती. फुआतिनोचं घोडं अडलं होतं ते वडिलांच्या गादीपाशी. तिचे वडील मताई होते, म्हणजे घराण्याचे कर्ते. जमिनीचं, मानपानाचं, भांडणतंट्याचं सगळं त्यांच्या शब्दावर चाले. ते जाऊन दीड वर्ष झालं आणि गादी अजून रिकामी होती. आमच्याकडे गादी आपोआप थोरल्याला जात नाही. सगळं घराणं बसतं, बोलतं, एकमत करतं, आणि ज्यानं घराण्याची सेवा केली त्याच्याकडे वळतं. निदान असं म्हणतात तरी.

फुआतिनो तरुणपणी परदेशी, सुव्याच्या विद्यापीठातून शिकून आली तेव्हा तिला तिथलीच नोकरी चालून आली होती. धाकटा भाऊ सामासोनी, आमचा सामा, तोवर ऑकलंडला पळालेला. तेव्हा सुलुफाईगा आत्यानं, वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, तिला समोर बसवलं. आई लेकरं लहान असतानाच गेलेली, या दोघांना वाढवलं ते या आत्यानंच. ती म्हणाली, तू राहा, जो राहील आणि करील त्याचीच गादी, आणि हा माझा शब्द आहे. फुआतिनो राहिली. शाळा सुटल्यावर बापाच्या पाहुण्यांची ताटं वाढली, रविवारच्या जेवणासाठी पहाटे उठून तापल्या दगडांचा चर रचला, दर मयताला आणि दर लग्नाला घराण्याचा वाटा डोक्यावर घेऊन गेली, आणि शेवटी बापाचं अंथरूणही तिनंच धुतलं. गादी मिळावी म्हणून केलं असं नाही. पण मिळणार हे तिला ठाऊक होतं.

म्हणून ती आत्याकडे गेली ती खरं तर नकार ऐकायला. आत्यानं याआधी तिला कुठंच जाऊ दिलं नव्हतं. शेजारच्या बेटावरची, पागोची नोकरी नको म्हणाली, टोंगाचं स्थळ आलं तर त्या माणसाच्या दातांपासून सगळ्याला नावं ठेवली. आता आत्या नको म्हणेल, आपण थोडं रागावू आणि प्रश्न मिटेल, असा फुआतिनोचा हिशोब.

आत्या कोको ढवळत होती. ऐकून घेतलं, चमचा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "जा."

फुआतिनोला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. तिनं गादीचं विचारलं. आत्या म्हणाली, गादी काय पळून जातेय, एक वर्षाची तर गोष्ट, तू आल्याशिवाय बैठक कोण बोलावतंय. आमच्यासाठी झिजलीस, आता जरा स्वतःसाठी जग. आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फुआतिनो घरी जाताना रडली. सुखानं रडली.

आणि मग त्या बाईला जे वेड लागलं, काय सांगू. मधल्या सुट्टीत फोनवर शांगरावची चित्रं. नदी बघ, मोहरीसारख्या पिवळ्या फुलांनी भरलेले डोंगर बघ, पहाटे वाफेवरचं काहीतरी विकणाऱ्या बायका बघ. आपियाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून तिनं लोकरीचा कोट आणला आणि भर दुपारी घरात घालून बसली, घामानं निथळत. चिनी आकडे पाठ केले, आठवीच्या पोरांना शिकवले. इतकी वर्षं जी मोजून मापून हसायची ती रस्त्यानं गुणगुणत जायला लागली. होकार तेवढा कळवायचा होता, आणि तो बुधवारपर्यंत हवा होता.

आत्याचं एकच मागणं होतं. फुआतिनोची चटई पुरी व्हावी. चटई म्हणजे अंथरायची नव्हे, आमची मानाची; केवड्याच्या पातीचे दोऱ्याइतके बारीक पट्टे काढून विणलेली, काठाला लाल पिसं. ती अंगावर घेतात नाहीतर पुढ्यात ठेवतात, आणि एकीला वर्षं लागतात. अर्धी मागे टाकून जाऊ नये, आत्या म्हणाली. फुआतिनोनं रोज संध्याकाळी बायकांच्या विणायच्या घरात बसून बोटं सोलवटली. अशी तलम चटई आमच्या किनाऱ्यावर कितीक वर्षांत झाली नव्हती, हे तिच्यावर जळणाऱ्यासुद्धा कबूल करत होत्या.

शनिवारी सकाळी चटई गुंडाळून ती आत्याकडे निघाली. आत्या देवळापलीकडे राहायची. न सांगता गेली, कौतुक ऐकायला.

आत्याच्या अंगणात गवत दिसत नव्हतं. चटयाच चटया उन्हाला घातलेल्या. आत्याच्या होत्या, चुलतघरच्या होत्या, शेजारच्या गावातल्या नातलगांच्यासुद्धा होत्या. एवढ्या चटया आमच्याकडे तीनच कारणांनी बाहेर निघतात. कुणी मेलंय, कुणाचं लग्न आहे, नाहीतर कुणी गादीवर बसतंय. मयत आणि लग्नं फुआतिनोला न कळता होतच नव्हती, तिथं वाटा घेऊन तीच जायची. ती फाटकातच उभी राहिली.

आत्या चटई उलटत होती. पोरीला बघून तिचा हात थांबला.

"कुणासाठी, आत्या?"

"आत ये. उन्हात उभी राहू नकोस."

"कुणासाठी?"

"सामासाठी," आत्या म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. बैठक ठरली होती, फुआतिनोचं विमान उडाल्यानंतरच्या आठवड्यात. सामाची तिकिटं काढून झाली होती. तो तिकडे नाव कमावून बसलाय, वडिलांचं घर नव्यानं बांधतो म्हणतोय, त्याची पोरं गाव विसरायला लागलीत, गादी दिली तर येत जात राहील. आत्या हे सगळं इतक्या मऊ आवाजात सांगत होती की परक्याला वाटावं लेकराची समजूत काढतेय. आणि तू तर बहीण, ती म्हणाली. बहिणीचा मान गादीच्या वरचा. वरून खाली कशाला उतरतेस?

यातलं शेवटचं खरं आहे. आमच्याकडे भाऊ बहिणीसमोर आवाज चढवत नाही, आणि बहिणीनं तोंड फिरवलं तर घराण्यातलं कुठलंही मोठं काम पुढे जात नाही. बहिणीचा तळतळाट लागतो, आणि ती न बोलता गिळून बसली तर जास्तच लागतो, याला पाद्रीबाबासुद्धा भितात.

"वरचा मान, तर मला विचारलं का नाही?" फुआतिनो म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं तर?"

आत्यानं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "तर सगळं तिथंच थांबलं असतं."

"म्हणून तू मला जा म्हणालीस."

"तुला जायचं पण होतं ना गं," आत्या म्हणाली.

फुआतिनो चटई काखेत तशीच घेऊन परत आली. रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसली आणि एकही भजन गायली नाही. गादी गेली याचं तिला दुःख होतं, पण आतून पेटली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. डोक्यावरून फिरलेला तो हात. त्या हातानं तिचे केस विंचरले होते, आणि त्याच हातानं तिला लाडानं दाराबाहेर ढकललं होतं. जिला आई म्हणावं तिनं गळा कापला, तोही इतक्या हळू की आपण मान पुढे केली. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?

बरं, आता करायचं काय? जावं तर त्यांच्या मनासारखं होतं. ती पाठमोरी झाली की इकडे ढोल. न जावं तर शांगराव हातचं जातं. ती नोकरी तिनं स्वतःच्या अकलेवर मिळवली होती, तिच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट कुणी दिलेली नव्हती, आणि नेमकी तीच या लोकांनी नासवली. सोमवारी तिनं वर्गात फळ्यावर गणित मांडलं आणि पुढची पायरीच तिला आठवेना. पोरं खालमानेनं बसून राहिली.

बुधवारी दुपारी तिनं शाळेला कळवलं की येत नाही. त्यांचं लगेच उत्तर आलं, वाईट वाटलं म्हणाले, दुसऱ्या शिक्षकाला बोलावतो म्हणाले. मग ती आत्याकडे गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "मी कुठं जात नाही. बैठकीला येणार. एक शब्द बोलणार नाही, नुसती समोर बसणार."

आत्या म्हणाली, याच्यापेक्षा नाही म्हण, पोरी. फुआतिनो थांबली नाही.

संध्याकाळी सामाचा फोन आला. आधी थंडीचं बोलला, पोरांचं बोलला. मग म्हणाला, "ताई, तू खरंच समोर बसणार?"

"बसणार."

"आणि नाही म्हणणार?"

"काहीच म्हणणार नाही. तुला हवी ना गादी? घे. माझ्यासमोर घे."



"मग मी येत नाही," तो म्हणाला. "तुझ्यासमोर माझ्याच्यानं नाही होणार."

"माझ्या पाठीमागे होणार होतं?"

 तिनं फोन कापला नाही. तो माफी मागेल असं तिला वाटलं असावं, बहीणच ती.

"आत्या म्हणाली तू फार खूश होतीस," तो म्हणाला. "म्हणून आम्हाला वाटलं... तुला तिथं आवडलं असतं, ताई."

"हो रे," फुआतिनो म्हणाली, "फार आवडलं असतं." आणि तिनं फोन ठेवला.