सोमाला पाजणारा

ठाण्याच्या आवारात जमलेले लोक हसत होते. त्या प्रकरणातलं मला आजही सर्वांत आधी आठवतं ते हेच. एका विधवा बाईची कांदाचाळ जळून गेली होती, चाळीला लागून बांधलेली गाय होरपळून मेली होती, गाईचं दावं सोडवताना त्या बाईचे दोन्ही हात भाजले होते. आणि लोक हसत होते, कारण ज्याला दोरीने बांधून आणलं होतं तो झुलत झुलत प्रत्येकाला सांगत होता, "हा, मीच पेटवली."

"कशानं पेटवली रे, विडीनं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"हा, विडीनं."

"का बाँब टाकला?"

"टाकला ना."

पुन्हा हशा. मी सर्वांना फाटकाबाहेर काढलं आणि त्याची दोरी सोडायला लावली.

नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. सायखेड्याच्या बाजूला, गोदाकाठच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी अधिकारी होतो. आरोपीचं खरं नाव सांगत नाही. इथे त्याला सोमा म्हणू. वय तिशीच्या आतबाहेर. अंगाने आडदांड, चेहरा लहान मुलासारखा. चौथीत दोनदा नापास झाल्यावर शाळेने त्याला घरी बसवलं होतं. पहाटे फुलांचे क्रेट नाशिकला जाणाऱ्या गाडीत चढवायचे आणि दिवसभर स्टँडवर बसायचं, हे त्याचं आयुष्य. आईवडील गेलेले, घरी एक थोरली बहीण. ती झेंडूच्या मळ्यात रोजाने जायची.

सोमा दारू प्यायचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण माझ्या चौकशीत असं निघालं, की तो स्वतः दारू विकत घेताना कुणी फारसा पाहिला नव्हता. त्याला पाजली जायची. लग्नाच्या वरातीत नाचवायला, निवडणुकीत कुणाच्या दारात जाऊन शिव्या घालायला, नाहीतर नुसतीच दुपार जात नाही म्हणून. गावाने त्याला खेळणं करून टाकलं होतं आणि वर त्यालाच दारुडा हे नाव दिलं होतं.

चाळ पेटली ती दिवेलागणीला. गावकरी रस्त्याच्या बाजूने धावत आले, तेव्हा सोमा तिथेच उसाच्या बांधावर बसलेला होता, खिशात काडेपेटी आणि तोंडाला दारूचा वास. तेवढं पुरेसं झालं. आमचे हवालदार अनुभवी होते. ते म्हणाले, "साहेब, माणूस जागेवर सापडलाय, कबूल बी झालाय. आग लावल्याचं चारशे छत्तीस कलम लावू, दोषारोपपत्र पाठवू. यात तपास तो काय?"

मला एक गोष्ट खटकत होती. ती विधवा बाई सोमाला मावशी होती. सख्खी नव्हे, पण क्रेट भरून झाले की तिच्या ओट्यावर तो भाकरी खायचा. ज्या घरात जेवतो, त्या घराची चाळ हा का पेटवेल?

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः केला होता. पंच शेजारच्या गावचे घेतले होते. गावकरी सांगत होते तशी आग पुढून लागलेली नव्हती. चाळीच्या मागच्या अंगाला बारदानाची थप्पी होती, तिथली जमीन रॉकेलने भिजलेली होती आणि थोड्या अंतरावर गवतात इंग्लिश दारूची एक क्वार्टर मिळाली. सोमाला लोक पाजायचे ती देशी. इंग्लिश त्याच्यासाठी कोण आणणार?

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करून पोलीस कोठडी घेतली. नशा उतरल्यावर त्याला माझ्या खोलीत आणलं. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, बहिणीने पाठवलेला डबा होता, फायलींचा ढीग होता आणि सील करायची राहिलेली ती क्वार्टर होती. तो उपाशी होता. तरी डब्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आत पाऊल टाकल्यापासून त्याची नजर त्या बाटलीवर जी चिकटली ती सुटेना. मी बाटली उचलून कपाटात ठेवली, तेव्हा तो कपाटाच्या दाराकडे बघत बसला.

"तू एकटाच होतास का?"

"हा, एकटाच."

"बरोबर कुणी होतं का?"

"होतं ना."

"चाळ पुढून पेटवलीस?"

"हा, पुढून."

मी सहज विचारल्यासारखं म्हणालो, "गेल्या आठवड्यात तू मला सुरगाण्याच्या बाजारात भेटला होतास ना?"

"भेटलो ना, साहेब."

सुरगाणा त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. हवालदारांना हसू आलं. मला नाही. या माणसाचा कबुलीजबाब घेऊन आम्ही कोर्टात जायला निघालो होतो! त्याने दरोडा घातला असं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. आयुष्यभर लोकांनी त्याला एवढंच शिकवलं होतं, की हो म्हटलं की मार पडत नाही आणि समोरचा खूश होतो.

खरी खबर मिळाली ती त्याच्या बहिणीकडून. ती डबा परत न्यायला आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "साहेब, त्यानं सोडली होती. वणीला नेलं होतं मी त्याला, गडावर देवीसमोर हात जोडून बोलला होता तो. सगळा उन्हाळा शिवला नाय. मंग कोणतरी त्याला रोज सांजच्याला मोटरसायकलवर नेऊ राहिलं. मी इचारलं, तर म्हणे, दादा माझा दोस्त हाय."

"कोण दादा?"

तिने पदर तोंडाला लावला. "नाव नका इचारू. मला त्याच गावात राहायचंय."

नाव काढायला फार वेळ लागला नाही. पुलाजवळ अंडाभुर्जीची गाडी लावणारा एक जण होता. आमचा शिपाई त्याला घेऊन आला. तो म्हणाला, "जमिनीचे दलाल हायेत ना, ते आणायचे त्याला. स्वतः थोडी घ्यायचे, त्याला लय पाजायचे."

"तुला काही वाटलं नाही?"

"गिऱ्हाईक हाय, साहेब. मी काय बोलणार?"

नाशिक तेव्हा झपाट्याने पसरू लागलं होतं. रस्त्यालगतच्या जमिनींवर शहरातल्या लोकांची नजर होती आणि या विधवेचं रान नेमकं रस्त्याला लागून होतं. दलालाने दोन-तीनदा गिऱ्हाईक आणलं होतं, तिने प्रत्येक वेळी नाही म्हणून परत पाठवलं होतं. हा दलाल गावात वजनदार माणूस. गणेशोत्सवाच्या मंडळात पुढे, शाळेच्या कार्यक्रमात खुर्ची ठरलेली.

सोमाला मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांना भेटायला मी स्वतः गेलो. सौम्य मतिमंदत्व, असं त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, "तो वेडा नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याला बरं-वाईट कळतं. पण दारूची सवय लागलेल्या माणसाचं लक्ष आधी बाटलीकडे धावतं. तुम्ही-आम्ही ते ओढून परत आणतो, त्याला ते फार जड जातं. आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा त्याचा अंदाज एकाच बाजूला झुकतो. पाजेल तो मित्र, हसेल तो वैरी. त्याला हो-नाहीचे प्रश्न विचारू नका. बोलू द्या."

मी तसंच केलं. सोमाला बाहेर कडुनिंबाखाली बसवलं, बहीण शेजारी बसली. मी म्हणालो, "सोमा, मी काही विचारत नाही. त्या दिवशी काय काय झालं, तू मला सांग."

तो तुटक तुटक बोलू लागला.

"दादा आला. म्हणला, बस. बस म्हटलं का प्यायची असती. मी बसलो. मंग म्हणला, मावशी तुला येडा म्हणती. मी म्हटलं, नाय म्हणत. तर म्हणला, ती बघ, हसू राहिली. मावशी वट्यावर हसत होती. मलाच हसत होती."

"तुला कसं कळलं तुलाच हसत होती?"

"हसतात ते मलाच हसतात," तो म्हणाला. या एका उत्तरासाठी त्याने क्षणभरही विचार केला नाही.

"मग?"

"दादानं डबा आणला. बारदानावर वतला. म्हणला, काडी लाव, तिला जरा भ्या वाटंल, मंग सगळी बाटली तुझी. मी लावली. लय मोठं झालं. गाय वरडू लागली. मी दादाला हाक मारली. दादा नव्हता."

एवढं बोलून तो रडायला लागला. बहीण त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जणू ती काडी मीच त्याच्या हातात दिली होती.

मावशी त्या संध्याकाळी कशाला हसली, हे मी तिला नंतर विचारलं. शेजारणीच्या वासराने धुणं चघळलं होतं, त्याला ती हसत होती.

दलालाला मी साक्षीदार म्हणून बोलावलं. तो पांढऱ्या कपड्यात आला, खुर्ची ओढून बसला. मी म्हणालो, "सोमा सगळं स्वतःवर घेतोय. तुमचं गावात वजन आहे, थोडी मदत करा."

तो सैलावला. "अहो साहेब, दारुड्या माणूस, त्याला कशाचं भान? मागच्या अंगानं शिरला असंल, बारदानाच्या थप्पीला काडी लावली, झालं."

गावातला एकूण एक माणूस सांगत होता की चाळ पुढून पेटली. बारदानाची जागा फक्त पंचनाम्यात होती, आणि ती पेटवणाऱ्याला ठाऊक होती. सोमाच्या शब्दाला कुणी काडीची किंमत देणार नाही, याची या माणसाला इतकी खात्री होती की त्याने स्वतःची जीभसुद्धा सांभाळली नाही.

अर्थात, ठाण्यात बोललेलं कोर्टात टिकत नाही. त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पंचांसमक्ष निवेदन देऊन त्याच्याच विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून रॉकेलचा डबा काढून दिला. वाईन शॉपवाल्याने त्याला ओळखलं. भुर्जीवाल्यानेही शेवटी जबाबावर सही केली.

मावशी हाताला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत ठाण्यात आली. "काडी सोमानंच लावली, हे खरं का?"

"खरं आहे."

तिचा चेहरा ताठ झाला. "मग त्याला मी माफ करणार नाय. गाय माझ्या लेकरासारखी होती. पण साहेब, पाजणाऱ्याला आधी आत टाका. हा बैल हाय, हाकणारा तो हाय."

बहिणीने सोमाचा जामीन करून घेतला. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तो माफीचा साक्षीदार झाला. सेशन कोर्टात दलालाच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी सुरू केली आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं.

"चाळ तू एकट्याने पेटवलीस ना?"

"हा."

"हे तुझे दादा तिथे नव्हतेच ना?"

"नव्हते."

वकिलांनी समाधानाने मागे वळून पाहिलं. खटला कोसळत होता. सरकारी वकिलांना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ते उठले आणि डॉक्टरांच्या साक्षीकडे न्यायाधीशांचं लक्ष वेधलं. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला आणि सोमाला विचारलं, "आज सकाळी तू इथे विमानाने आलास का?"

"हा, इमानानं."

वकिलांच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "आता तुला कुणी काही विचारणार नाही. त्या दिवशी काय झालं ते तूच सांग." आणि सोमाने कडुनिंबाखाली सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, भर कोर्टात सांगितलं.

दलालाला शिक्षा झाली. त्याने अपील केलं, जामिनावर सुटला, आणि पुढच्याच गणपतीत तो पुन्हा मंडळाच्या खुर्चीवर बसलेला मी पाहिला. लोक त्याच्या पाया पडत होते.

पण मला खरी चीड आली ती निकालाच्या दिवशी. कोर्टाच्या फाटकाबाहेर गावातले तिघे-चौघे सोमाची वाट बघत उभे होते. त्यातल्या एकाने शर्ट वर करून कमरेला खोचलेली बाटली दाखवली. "सोम्या, सुटला ना भावा! चल, बसू." सोमा बहिणीचा हात सोडून तिकडे वळलासुद्धा.

मी पायऱ्या उतरून पोहोचेपर्यंत मावशी मध्ये आली होती. तिच्या हातांची कातडी अजून चुरगळलेली, गुलाबी होती. तिने सोमाचं मनगट धरलं आणि त्या माणसाला म्हणाली, "तुझ्या पोराला पाज आधी. मंग याला पाज."

"मावशी, गंमत करू राहिलो."

"माझी गाय गमतीतच मेली," ती म्हणाली आणि सोमाला ओढत एस.टी. स्टँडच्या दिशेने घेऊन गेली. तिने त्याला माफ केलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिने ते कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर तो तिच्याच रानात कामाला लागला, हे मला बहिणीकडून कळलं. मधूनमधून पितो, असंही तिने सांगितलं. बंद करतो, पुन्हा कुणीतरी पाजतं, पुन्हा बंद करतो.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांच्याबद्दल एवढा संताप मनात उरलेला नाही, जेवढा त्या फाटकाबाहेरच्या माणसांबद्दल आहे. त्यांच्यावर लावायला माझ्याकडे धड कलमसुद्धा नव्हतं. समजेने कमी असलेल्या माणसाला बाटली दाखवून हवं तिकडे वळवता येतं, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. दलालाने फक्त त्याचा मोठा उपयोग केला. बाकीचे रोज लहान लहान करत होते. या प्रकरणानंतर दारूच्या नशेत केलेला कोणताही गुन्हा समोर आला, की मी हाताखालच्या लोकांना आधी एकच विचारायचो: याने घेतली, की याला दिली? पुष्कळ जणांना तो प्रश्न फालतू वाटायचा. त्यांना मी उत्तर आणायलाच पाठवायचो.