मैदानातला नारळ

महानंदा गेल्याचं मला तिच्या अप्पांनीच कळवलं. मी नांदेडला वर्गात होते. फोन थरथरला, नाव तिचंच दिसलं आणि मी हुश्श केलं. लातूरच्या दवाखान्यात डेंगूनं पडलेली ती. म्हटलं, स्वतः फोन करायलीय म्हणजे ताप उतरला. बाहेर जाऊन उचलला तर आवाज अप्पांचा. "पोरी, आपली महानंदा गेली गं," एवढंच बोलले... महिना उलटून गेला, तरी फोन वाजला की उचलायच्या आधी मी नाव दोनदा वाचते.

क्रीडा व्यवस्थापनाच्या एमबीएला आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. मी अहमदपूरची, शेतकऱ्याच्या घरची; ती लातूरच्या किराणा दुकानदाराची लेक. आमच्या गावात अजून विचारतात, खेळाचं एमबीए म्हणजे शिट्टी वाजवायला शिकवतात का? महानंदा शाळेत कबड्डी खेळायची. एका स्पर्धेत उद्घाटनाच्या नारळाची करवंटी मातीत राहिली, तिच्या गुडघ्यात घुसली, जखम चिघळली आणि खेळ कायमचा सुटला. तेव्हापासून काळजी तिच्या अंगातच मुरली होती. कडी लावली का, गॅस बंद केला का, मी गावी निघाले की पोचलीस का, जेवलीस का... जीव नकोसा करायची. एकदा चिडून म्हटलं, "बाई गं, तू काळजी करायच्या नोकरीलाच लाग." तर ती शांतपणे म्हणाली, "मग दुसरं काय शिकायलोय आपण इथं?"

खोटं नव्हतं ते. स्पर्धेत काय काय बिघडू शकतं यावर आम्हाला अख्खा विषय होता. परदेशी स्टेडियमची चित्रं, गर्दीचे दरवाजे, विमा, सगळं होतं. नारळ मात्र कुठल्याच धड्यात नव्हता.

अहमदपूरला आम्ही दोघींनी मुलींची कबड्डी स्पर्धा भरवली, तो आमचा प्रकल्प होता. सर गुण द्यायला समोर बसलेले. सामने वेळेत सुरू झाले तर चांगले गुण, चांगले गुण मिळाले तर पुण्याच्या एका क्लबात इंटर्नशिप. तिनं तर बॅगही बघून ठेवली होती. उद्घाटनाला गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, तात्या आले. महानंदानं त्यांना हात जोडून सांगितलं, नारळ फाटकापाशी फोडू. तात्या हसले. "मैदानाचा नारळ मैदानातच फुटतो, पोरी. फाटकात फोडायला ही काय नवी गाडी हाय का?" आणि मधल्या रेषेवर दगड ठेवून त्यांनी नारळ असा आपटला की तुकडे चौफेर उडाले. टाळ्या वाजल्या. पोरांनी दिसतील ते तुकडे वेचले, प्रसादही वाटून झाला. दोन्ही संघ रेषेवर येऊन थांबले.

तेवढ्यात महानंदानं पंचांना हात दाखवून थांबवलं. चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि ती अनवाणी मैदानात शिरली. पाय न उचलता, माती घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक शिट्ट्या मारायला लागले. "मॅडम, सुई हरवली का?" कुणीतरी ओरडलं. सर घड्याळ बघून काहीतरी लिहीत होते. ती जवळून गेली तेव्हा मी दबक्या आवाजात म्हटलं, "बस कर आता, पुणं जाईल."

"पुणं परत मिळंल गं," ती म्हणाली. "गुडघा न्हाई मिळत."

दुसऱ्या बाजूला पोचता पोचता ती थांबली, वाकली. करवंटीचा टोकदार तुकडा होता. टाचेतून रक्त आलेलं. तो तिनं तात्यांच्या टेबलावर ठेवला. तात्या म्हणाले, "एवढ्याशासाठी?" आणि चहाकडे वळले. सामने झाले, पोरी धडधाकट घरी गेल्या. आमचे वेळेचे गुण कापले गेले आणि पुण्याला दुसराच कुणी गेला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. मग डोळे पुसून विचारते काय, "त्या पोरी नीट पोचल्या असतील का गं?"

दवाखान्यातून आमचं शेवटचं बोलणं झालं तेव्हाही दम लागत होता तिला. पुढचा प्रकल्प औशाला होता. "नारळ कुठं फोडणार?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी तू बरी हो, मग बघू.

मागच्या आठवड्यात औशाची स्पर्धा झाली. मी एकटीच. पाहुण्यांना विनवलं, त्यांनी ऐकलं नाही. नारळ मधोमधच फुटला. संघ उभे, सर समोर, लोक खोळंबलेले. पंचांना हात दाखवला, चपला काढल्या आणि कुणीतरी धरेल म्हणून बाजूला हात केला... तिथं कुणी नव्हतं. अहमदपूरला ती जागा माझी होती.

चपला रेषेबाहेर ठेवल्या आणि पाय घासत चालायला लागले.